चार्जरवरचा दुसरा क्यूआर

आमच्या अपार्टमेंटमध्ये चार्जिंगची सोय नसल्यामुळे, पुणे महामार्गावर सोलापूरच्या वेशीजवळ एका हॉटेलच्या आवारात असलेल्या फास्ट चार्जरवरच माझ्या इलेक्ट्रिक गाडीची भिस्त असते. मे महिन्यातील एका दुपारी, पुण्याहून परतताना बॅटरी 14 टक्क्यांवर आली होती, म्हणून मी तेथे थांबलो. उन्हाच्या तिरिपीमुळे यंत्राच्या पडद्यावरचे काही दिसेना, तेव्हा त्याच्या अंगावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला.

उघडलेले पान कंपनीच्याच रंगांचे व बोधचिन्हाचे होते. 500 रुपये भरले, चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) गाडीला लावली, पण चार्जिंग सुरू होईना. ते होणे शक्यच नव्हते, कारण पैसे जमा झाल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडून आदेश आल्याखेरीज यंत्र वीज सोडत नाही, आणि माझे पैसे कंपनीकडे गेलेच नव्हते. मला मात्र ही नेटवर्कची नेहमीची रड वाटली. फसवणाऱ्यांनी डाव मांडला होता तो आपल्या याच सवयीवर.

पानावरील मदत क्रमांकावर फोन केला असता, "सर, रक्कम अडकली आहे, लगेच परत करतो," असे एका अदबशीर आवाजाने सांगितले आणि कार्डाचा तपशील भरायला लावला. पाठोपाठ आलेल्या ओटीपीच्या संदेशात 38,000 रुपये कापले जाणार असल्याचे स्पष्ट लिहिले होते. मी त्यातले फक्त सहा आकडे वाचले आणि सांगून मोकळा झालो. पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी लागत नाही, हे मी स्वतः आईला दहा वेळा बजावले आहे.

रक्कम गेल्याचा संदेश येताच कार्ड बंद केले आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यामुळे 21,500 रुपये पुढच्या खात्यात गोठवता आले. बाकीचे तोवर तिसऱ्याच खात्यातून काढले गेले होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, तर कोपऱ्याला नख लावताच स्टिकर सुटला आणि खाली मूळ कोड दिसला. आता मी कंपनीचे ॲप उघडून, यंत्रावरचा क्रमांक त्यात जुळवूनच चार्जिंग सुरू करतो, आणि मदतीचा क्रमांकही ॲपमधलाच वापरतो. हॉटेलच्या मालकांना स्टिकर दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "आठवड्यापूर्वी जॅकेट घातलेला एक पोरगा लावून गेला, साहेब. आम्हीच त्याला स्टूल दिलं."