योकोगावा एक्यू6370डी, चार वर्षं रोज वापरल्यावर

आमच्याकडे डीएफबी लेझर (एकाच वेव्हलेंग्थचा लेझर), डीडब्ल्यूडीएम फिल्टर (एकाच फायबरमधले वेगवेगळ्या वेव्हलेंग्थचे चॅनेल वेगळे करणारे) आणि ईडीएफए (फायबरमधला प्रकाश वाढवणारा अँप्लिफायर) तपासायचं काम चालतं, त्यासाठी ही स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (प्रकाशात कोणत्या वेव्हलेंग्थला किती पॉवर आहे ते दाखवणारं मशीन) घेतली, तीही सेकंडहँड. रेंज 600 ते 1700 नॅनोमीटर, रिझोल्यूशन 0.02 पर्यंत खाली जातं. पण मला हिचं खरं कौतुक आहे ते पीकच्या (ग्राफवरच्या उंच टोकाच्या) अगदी शेजारी काय दिसतं त्याचं. 50 गिगाहर्ट्झ ग्रिडवर (चॅनेलच्या ठरलेल्या मांडणीवर) दोन चॅनेलमधे जेमतेम 0.4 नॅनोमीटर अंतर असतं, तिथे साध्या मशीनवर दोन डोंगर पायथ्याला एकमेकांत मिसळतात आणि मधला नॉईज दिसतच नाही, हिच्यावर दरी पार खालपर्यंत स्वच्छ दिसते. ईडीएफएचा नॉईज मोजणाऱ्याला याची किंमत कळेल.

नवीन पोरं हमखास एक चूक करतात, डीएफबीचा पीक बघून म्हणतात सर लाईनविड्थ (लेझरच्या रेषेची रुंदी) 0.02 आली. अरे बाबा, 1550 ला 0.02 म्हणजे अडीच गिगाहर्ट्झ झाले, लेझरची खरी लाईनविड्थ मेगाहर्ट्झमधे असते, तुला दिसतोय तो मशीनच्या आतल्या फिल्टरचा आकार. लाईनविड्थ मोजायला हे मशीन नाहीच. एसएमएसआर (मुख्य पीक आणि बाजूच्या सगळ्यात मोठ्या पीकमधला फरक), मधली वेव्हलेंग्थ, पॉवर, यासाठी मात्र डोळे झाकून भरवसा ठेवा.

डोळे झाकून म्हटलं पण कनेक्टरकडे डोळे उघडे ठेवूनच बघा. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी फिल्टरची अख्खी बॅच पॉवर दोन डीबीने (डेसिबलने) कमी दाखवत होती, आम्ही तेवीस पीस रिजेक्टच्या ट्रेमधे टाकले, सप्लायरला कडक मेल पण लिहून झाला, आणि मग आमच्या टेक्निशियन ताईंनी पॅचकॉर्डचं (जोडायच्या फायबर केबलचं) टोक स्कोपखाली धरलं तर फेरूलवर (फायबर धरणाऱ्या टोकाच्या नळीवर) बरोब्बर मधोमध तेलकट डाग. पुसलं, तेवीसच्या तेवीस पास. मेल पाठवला नव्हता हे नशीब. तेव्हापासून पुसल्याशिवाय कोणी काही लावायचं नाही हा नियम आहे.

सकाळी आल्याआल्या मशीन चालू करून ठेवायचं, तासभर तापू द्यायचं, मग आतल्या रेफरन्स सोर्सचं आउटपुट सिंगलमोड पॅचकॉर्डने इनपुटला जोडून अलाइनमेंट (आतला प्रकाशाचा मार्ग जुळवणं) आणि वेव्हलेंग्थ कॅलिब्रेशन. टेबलावरून नुसतं हलवलं तरी हे परत करतो मी, आत ग्रेटिंग (प्रकाशाच्या वेव्हलेंग्थ वेगळ्या करणारी रेघांची पट्टी) आहे, धक्क्याने सरकतं.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. टच स्क्रीन नाही, यूएसबी माऊस लावून भागवतो. सेन्सिटिव्हिटी हाय3 ला (सगळ्यात संवेदनशील, पण हळू सेटिंग) ठेवून रुंद स्पॅन (वेव्हलेंग्थचा पट्टा) घेतला की स्वीप (एक पूर्ण मोजणी) संपेपर्यंत चहा पिऊन येतो आपण, म्हणून रोजच्या कामाला मिड पुरतं. आणि ब्रॉडबँड सोर्स (रुंद पट्ट्यात प्रकाश देणारा) बघताना 1380 च्या आसपास बारीक बारीक खाचा दिसल्या तर सोर्सला दोष देऊ नका, ती हवेतली वाफ आहे, मी त्यात दोन दिवस घालवलेत.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर जाऊ नका. आम्हाला ज्याने विकली त्याने सर्टिफिकेट दिलं होतं ते तीन वर्षांपूर्वीचं निघालं आणि फोमशिवाय पाठवल्यामुळे वेव्हलेंग्थ 0.15 ने सरकलेली, अलाइनमेंट केल्यावर जागेवर आली पण तोवर माझी झोप उडाली होती. स्वतःचा डीएफबी घेऊन जा, तापू दे, 0.02 ला स्वीप मारा आणि पीकच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे आहेत का ते बघा. एक बाजू फुगलेली दिसली तर सौदा तिथेच सोडा.