मेटॅलिक रंगांचा अख्खा सेट घेण्याआधी दोन ऑईलच्या ट्यूब घ्या

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. फिगरवरचं, म्हणजे रंगवायच्या छोट्या पुतळ्यावरचं, चिलखत, तलवार, बंदुकीची नळी खरंच धातूची वाटायला हवी असेल तर बारा-पंधरा बाटल्यांचा मेटॅलिक सेट लागत नाही. स्टीलच्या रंगाची एक बरी बाटली, एक सोनेरी, आणि ऑईल कलरच्या दोन ट्यूब, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर. बास. बाकी सगळं हौसेचं, आणि हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे, पण मग ती गरज म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये.

बेससाठी, म्हणजे खालच्या पहिल्या थरासाठी, मी व्हॅलेहो कंपनीची मेटल कलर रेंज वापरतोय. ३२ मिलीची ड्रॉपरवाली बाटली, रंग एअरब्रशसाठी (हवेने रंग फवारणारं पेन) आधीच पातळ करून येतो त्यामुळे थेट त्याच्या कपात ओता आणि मारा. ब्रशनेही चालतो, फक्त पहिल्याच कोटात झाकला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, पातळ पातळ कोट द्यायचे आणि मधे वाळू द्यायचं. यातले कण बारीक आहेत आणि सगळा खेळ त्याचाच आहे. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे चपटे कण असतात, ते आडवे नीट बसले की पृष्ठभाग धातूसारखा उजेड फेकतो, वेडेवाकडे बसले की प्रत्येक कण वेगळा चमकायला लागतो. आता ७५ मिमीची फिगर म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण १/२४, माणूस चोवीसपट लहान झाला पण रंगातला कण काही लहान झाला नाही, त्यामुळे जाड कण लगेच डोळ्यात येतो. खाली ग्लॉस काळा बेस द्यायला सांगतात तोही याचसाठी, मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, प्रायमरचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर कण सपाट बसत नाहीत.

याच्या आधी दुसऱ्या एका कंपनीचा मोठा सेट आणला होता, नाव नको. बॉक्स एकदम देखणा, झाकणावर चकचकीत चिलखतातल्या सरदाराचा फोटो, आणि आतल्या चंदेरी रंगात कण एवढे जाडे की चिलखत ग्रीटिंग कार्डावरच्या चमकीसारखं दिसत होतं. कितीही हलवा, बाटलीत खाली गाळ बसलेलाच. सहा वेगवेगळ्या छटांचं सिल्व्हर दिलं होतं आणि वाळल्यावर त्यातल्या चार सारख्याच. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार.

आता ऑईलकडे येतो कारण मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय. नुसता मेटॅलिक रंग दिला की फिगर सगळीकडून चमकते, काखेत चमकते, पट्ट्याच्या खाली चमकते, सावलीत पण चमकते, आणि तिथेच डोळ्याला कळतं की हे खोटं आहे. खरं पॉलिश केलेलं पोलाद नीट बघा, त्याचा बराच भाग काळपट दिसतो, कारण आजूबाजूला जे गडद आहे तेच ते दाखवत असतं, आणि उजेड थोड्याच जागी असतो पण तिथे अगदी लख्ख. म्हणजे आपल्याला चमक वाढवायची नाहीये, सावलीतली चमक मारायची आहे. ऍक्रिलिक वॉशने, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या अगदी पातळ थराने, हे होतं पण तो पटकन वाळतो आणि कडेला डाग सोडतो, गुळगुळीत चिलखतावर तर हमखास. ऑईल तासन्‌तास ओलं राहतं, पसरवा, पुसा, परत लावा, काही बिघडत नाही, आणि खालचा बेस ऍक्रिलिकच असतो, तो पूर्ण वाळलेला असेल तर ओडरलेस (बिनवासाच्या) थिनरने हलत नाही.

ट्यूबमधून रंग थेट फिगरवर नेऊ नका. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळा आणि अर्धा-एक तास पडू द्या, जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो आणि उरलेला रंग मॅट वाळतो. सावली मॅट आणि उजेड मेटॅलिक, हा फरक हातात फिगर फिरवली की जाणवतो, कारण कुठल्याही कोनात धरा, सावली सावलीच राहते.

हेच दोन रंग का, तर काळ्याच्या ट्यूबऐवजी. आयव्हरी ब्लॅक वाळायला फार वेळ घेतो. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं त्यामुळे तो ऑईलमधल्या सगळ्यात लवकर वाळणाऱ्या रंगांपैकी एक, प्रशियन ब्लूही लवकर वाळतो, आणि दोन्ही मिसळले की जवळजवळ काळा रंग मिळतो जो तुम्हाला हवा तसा झुकवता येतो. पोलादासाठी निळ्याकडे, पितळ आणि सोन्यासाठी तपकिरीकडे. सोनेरी रंगात काळा घातला की तो हिरवट आणि मळका होतो, तपकिरी घातला की जिवंत राहतो. फक्त प्रशियन ब्लू जपून, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच घ्या, हा रंग सगळं गिळून टाकतो. आणि हो, प्रशियाशी लढलेल्या नेपोलियनच्या घोडेस्वाराच्या सावल्या प्रशियन ब्लूने रंगवायच्या यात थोडी गंमत आहेच.

कारण मी ज्या फिगरवर हे सगळं करतोय ती फ्रेंच क्युरासिअर, म्हणजे चिलखतधारी घोडेस्वार, आहे. पोलादाचं छाती-पाठीचं चिलखत, खांद्यांवरून येणारे पितळी खवल्यांचे पट्टे, पोलादी शिरस्त्राणावर पितळी तुरा, म्हणजे दोन धातू शेजारी शेजारी, परीक्षा घेणाराच विषय. स्टीलचा बेस पूर्ण वाळल्यावर छातीच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि काखेकडे वळणाऱ्या बाजूंवर गडद मिश्रणाचा अगदी पातळ थर दिला, इतका पातळ की लावला म्हणण्यापेक्षा फासून पुसला म्हणावं. मग कोरडा मऊ ब्रश घेऊन कडा हलके ठोकत ठोकत विरवायची, ओढायची नाही, ठोकायची. मधोमध जी उभी धार असते तिच्या एका बाजूला गडद आणि लगेच दुसऱ्या बाजूला उजेड, तिथे मात्र कडा विरवायची नाही, ती चाकूसारखी तीक्ष्ण हवी. हायलाईटसाठी वेगळा रंग लावलाच नाही, थिनरमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या बारीक ब्रशने ऑईल उचललं की खालचं लख्ख स्टील वर येतं. चिलखताच्या गळ्याशी आणि बाह्यांशी लाल अस्तराची किनार डोकावते, तिच्या शेजारच्या पोलादावर अलिझरिन क्रिमझन या लाल ऑईलचा (ही हौसेची तिसरी ट्यूब) जेमतेम वास दिला, आणि हातांच्या बाजूला कोटाचा निळा. लांबून हे लाल-निळं कुणाला दिसणारही नाही, पण ते नसलं तर चिलखत कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

खवल्यांचे पट्टे त्यामानाने सोपे. सोनेरी बेस, प्रत्येक खवल्याच्या मुळाशी बर्न्ट अंबर, टोकाला सोनेरीत थोडं सिल्व्हर. साखळ्यांच्या चिलखताला तर नुसता गडद वॉश आणि वरून ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला रंग, पुरतो, त्यात डोकं घालवू नका. बंदुकीच्या नळीच्या कडांना पेन्सिलचं ग्रॅफाईट बोटाने घासलं की झालं.

ऑईलची ट्यूब मात्र आर्टिस्ट ग्रेडची घ्या. स्टुडंट ग्रेडमध्ये पिगमेंट कमी आणि भर जास्त, कॅनव्हासवर खपून जातं, पण एवढ्या पातळ ग्लेझमध्ये रंग धुरकट दिसतो. ट्यूब महाग वाटते खरी, पण एका फिगरला मटारच्या दाण्याएवढा रंगही लागत नाही, त्यामुळे ती संपता संपत नाही.

एके इंटरॅक्टिव्ह कंपनीचे ट्रू मेटल रंग पण वापरून बघितले. हे मेणाच्या बेसचे, ट्यूबमध्ये येतात, लावायचे आणि वाळल्यावर कापडाने किंवा कोरड्या ब्रशने घासायचे, चमक अफाट येते, बाटलीतल्या ऍक्रिलिकपेक्षा जास्तच. तलवारीची पाती आणि बटणं यांच्यासाठी मला फार आवडले. पण घासायला जिथे जागा नाही तिथे त्यांचा उपयोग नाही, आणि मेणावर पाण्याचं वार्निश नीट धरत नाही, त्यामुळे ज्या फिगरला सारखा हात लागणार आहे तिच्यावर नको. शिवाय ऑईलचे थर आधी द्यायचे आणि हे सगळ्यात शेवटी, कारण यांच्यावर थिनर फिरवलात तर तेच विरघळतील.

नॉन-मेटॅलिक मेटलवाले आता म्हणतील की साध्या राखाडी रंगांनीच धातू रंगवता आला पाहिजे. जमत असेल तर नमस्कार, फोटोत ते सुंदरच दिसतं. पण कपाटात ठेवलेली फिगर लोक चारी बाजूंनी बघतात, तिथे रंगवलेला उजेड जागचा हलत नाही आणि मला तो खटकतो.

पाण्याची वाटी आणि ब्रश मेटॅलिकसाठी वेगळे ठेवा नाहीतर पुढच्या फिगरच्या गालावर चंदेरी ठिपके सापडतील. थिनर ओडरलेस असला तरी वाफा असतातच, खिडकी उघडी हवी. ऑईल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढीग पेट घेऊ शकतो, पसरून वाळवून मगच फेका. आणि शेवटी सवयीने अख्ख्या फिगरवर मॅट वार्निश मारू नका, धातूचा सगळा जीव जातो. कापड, कातडं, चेहरा यांना मॅट द्या, तेही ब्रशने, आणि पोलाद-पितळेला सॅटिन द्या किंवा काहीच देऊ नका.