पोस्टग्रेस १३ सोडताना: डंप, पीजी_अपग्रेड की रेप्लिकेशन?

पोस्टग्रेसएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस सॉफ्टवेअरची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. २४ सप्टेंबर २०२० रोजी आलेल्या १३व्या आवृत्तीची मुदत १३ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली. १४व्या आवृत्तीची १२ नोव्हेंबर २०२६ ही आहे. मुदत उलटल्यावर सर्व्हर बंद पडत नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही येत नाही. मात्र पुढे सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती त्या आवृत्तीसाठी निघत नाही.

१३.२२ वरून १३.२३ वर जाणे म्हणजे नवे पॅकेज टाकून सर्व्हर पुन्हा सुरू करणे, इतकेच. १३ वरून १८ वर जाताना मात्र नवा सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी उघडण्यास साफ नकार देतो. मधल्या आवृत्त्यांच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, थेट जाता येते. त्यासाठी मार्ग तीन आहेत.

डंप (सगळा डेटा उतरवून घेतलेली फाइल) काढून नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करणे, म्हणजे त्यातून डेटा पुन्हा भरणे, हा सर्वांत जुना आणि सर्वांत संथ मार्ग. त्याला कमी लेखण्याची पद्धत आहे, पण काही जीबींच्या डेटाबेससाठी मी दुसरा विचार करणार नाही. सगळे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या क्रमवार सूची) नव्याने बांधले जातात, टेबलांत साचलेली मृत जागा निघून जाते आणि जुना सर्व्हर जसाच्या तसा शिल्लक राहतो. डंप नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपने काढावा. त्यात वापरकर्ते व त्यांचे पासवर्ड येत नाहीत, ते पीजी_डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात. खरी किंमत वेळेची आहे, कारण डंप सुरू झाल्यानंतर झालेल्या नोंदी त्यात येत नाहीत, म्हणून तेव्हापासून रिस्टोअर पूर्ण होईपर्यंत कामकाज थांबवावे लागते.

शेकडो जीबींच्या डेटाबेसला हे परवडत नाही. तिथे दुसरा मार्ग, पोस्टग्रेससोबत येणारे पीजी_अपग्रेड हे साधन, कामाला येते, कारण ते टेबलांतील ओळी पुन्हा लिहीत नाही. यंत्रणेचा कॅटलॉग (टेबलांची अंतर्गत नोंदवही) नवा करते आणि डेटा फाइली कॉपी करते किंवा हार्ड लिंकने, म्हणजे त्याच फाइली दोन्हीकडे दाखवून, जोडते. लिंक पद्धतीत प्रचंड डेटाबेसही काही मिनिटांत नव्या आवृत्तीवर येतो, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना सुरक्षितपणे वापरता येत नाही. मग मागे फिरायचे तर बॅकअपवरूनच. कॉपी पद्धतीला जवळपास दुप्पट डिस्क लागते, बदल्यात परतीची वाट मोकळी राहते. जागा असेल तर कॉपीच निवडावी, असे माझे मत आहे.

या मार्गावर तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली किरकोळ: १८व्या आवृत्तीत नवा क्लस्टर (सर्व्हरचा संपूर्ण डेटासंच) चेकसम (डेटा बिघडल्याचे ओळखणारी तपासबेरीज) चालू ठेवूनच तयार होतो, १३मध्ये ते मूलतः बंद असत, आणि दोन्हीकडची स्थिती सारखी नसेल तर पूर्वतपासणीच पुढे जाऊ देत नाही. ही तपासणी जुना सर्व्हर चालू असतानाही करता येते, म्हणून ती आधीच्या आठवड्यात उरकावी. दुसरी प्लॅनरच्या, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाच्या, आकडेवारीची. ती १८पासून बहुतांशी सोबत येते. १७वर जात असाल तर येत नाही, आणि अ‍ॅनालाइझ (ती आकडेवारी पुन्हा गोळा करणारी आज्ञा) चालवायचे राहिले तर काल क्षणात निघणारा खातेउतारा आज मिनिटभर फिरत बसतो. तिसरी ठेच सर्वांत वाईट, कारण ती दिसत नाही. याच निमित्ताने सेंटओएस ७ हे जुने लिनक्स सोडून नव्या लिनक्सवर डेटा फाइली नेल्या, तर वाटेत जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती ओलांडली जाते आणि त्या आवृत्तीत मजकुराचा वर्णानुक्रम बदललेला आहे. जुना इंडेक्स जुन्याच क्रमाने लावलेला असतो. नावावरून शोधलेला सभासद टेबलात असूनही सापडत नाही आणि दुबार नोंद रोखणारा युनिक इंडेक्स ती आत घेतो. त्यामुळे मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे नव्याने बांधल्याशिवाय, काम सुरू करू नये. डंपवाल्याला हा प्रश्न पडतच नाही.

तिसरा मार्ग लॉजिकल रेप्लिकेशनचा, म्हणजे जुन्या सर्व्हरवरचे बदल नव्यावर सतत पोहोचवण्याचा. त्यात नवा सर्व्हर शेजारी उभा करून डेटा वाहता ठेवतात आणि बदलाच्या वेळी थांबावे लागते ते मिनिटभर. उलट दिशेने रेप्लिकेशन लावून ठेवले तर परतही येता येते. हे ऐकायला सर्वांत आकर्षक असले तरी राबवायला सर्वांत कष्टाचे आहे: बदल होणाऱ्या प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा स्तंभ) किंवा तिचा पर्याय हवा, टेबलांच्या रचनेतले बदल आपोआप पोहोचत नाहीत आणि लार्ज ऑब्जेक्ट (टेबलाबाहेर वेगळ्या साठवलेल्या मोठ्या फाइली) मागेच राहतात. १८व्या आवृत्तीपर्यंत सीक्वेन्सही (पुढचा क्रमांक देणारे मोजक) पोहोचत नाहीत. म्हणजे पावत्यांच्या टेबलात ८४,२१० ओळी व्यवस्थित आलेल्या असतात, पण नवा सर्व्हर पुढच्या पावतीला क्रमांक देतो १, आणि पहिल्याच ग्राहकासमोर ‘डुप्लिकेट की’ ही चूक पडद्यावर येते. चोवीस तास चालणारी सेवा नसेल, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण मला दिसत नाही.

निवड करण्यापूर्वी कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घड्याळ लावून रिस्टोअर करून पाहावा. चाळीस मिनिटे लागली आणि कार्यालय सकाळी दहाला उघडत असेल, तर डंप पुरेसा आहे. सहा तास लागले, तर पीजी_अपग्रेड. कॉपी पद्धतीने गेल्यास जुना क्लस्टर पुसणारी जी स्क्रिप्ट शेवटी तयार होते, ती त्याच रात्री चालवू नये; निदान महिनाअखेरचे अहवाल निघेपर्यंत जुनी डिरेक्टरी तशीच पडू द्यावी.