बॅटरी नसलेला सबमीटर: चौदा महिने, दोन पावसाळे

सबमीटर म्हणजे मेन मीटरच्या पुढे प्रत्येक खोलीचा वापर वेगळा मोजायला घरमालकाने बसवलेला मीटर. रीडिंगच्या दिवशी लाईट नसेल तर बॅटरी नसलेला डिस्प्लेचा सबमीटर काहीच दाखवत नाही. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा आणि मगच पैसे मोजा.

रत्नागिरी तालुक्यात, किनाऱ्यालगत, भाड्याच्या पाच खोल्या आणि विहिरीचा पंप असे सहा सबमीटर गेल्या वर्षीच्या जूनपासून चालू आहेत. तीन डिस्प्लेचे (आकडा स्क्रीनवर दिसतो), तीन काउंटरचे (आकडा फिरत्या चाकांवर दिसतो). सगळे सिंगल फेज, ५-३० अँपिअर, क्लास १ (म्हणजे साधारण एक टक्क्याच्या अचूकतेचे), युनिटला ३२०० पल्सचे, म्हणजे एक युनिट जळेपर्यंत मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. १०-६० चा मीटर मुद्दाम टाळला, कारण त्याचा सुरुवातीचा करंट (मोजणी सुरू व्हायला लागणारा किमान करंट) दुप्पट असतो आणि नुसता एक छोटा एलईडी दिवा चालू असेल तर तो मोजायला सुरुवात करेलच असं नाही.

आता डिस्प्लेबद्दल. महावितरणच्या मेन मीटरचं रीडिंग ज्या दिवशी घेतलं जातं त्याच दिवशी सबमीटर वाचावे लागतात. महिन्याला चारशेवीस युनिट जळत असतील तर दोन दिवसांच्या फरकाने अठ्ठावीस युनिटांचा घोळ होतो आणि तो कोणाच्या माथी मारायचा यावरून वाद लागतो. जुलैत माडाची झावळी तारांवर पडली की लाईट पाच-सहा तास जाते, आणि नेमका तोच रीडिंगचा दिवस असला तर तीन खोल्यांचे आकडे मिळत नाहीत. आकडा मेमरीत राहतो, हरवत नाही, हे खरं. दुकानदारानेही हेच सांगून बदलून द्यायला नकार दिला. पण मीटर घेतला तो आकडा वाचायला, आणि हव्या त्या वेळी तो वाचता येत नसेल तर मेमरी काय कामाची? आत बॅटरी असलेली मॉडेलं मिळतात, बटण दाबलं की लाईट नसतानाही रीडिंग दिसतं. थोडे पैसे जास्त पडतात. ते द्यावेत.

पहिल्या वर्षी याच रागात ‘काउंटरचाच मीटर घ्या’ असं भेटेल त्याला सांगितलं होतं. ते आता मागे घेतो. चाकांवरचा आकडा लाईट नसतानाही दिसतो, पण खाऱ्या दमट हवेत ही चाकंच अडकतात. आतला इलेक्ट्रॉनिक भाग बरोबर मोजत असतो, लाल दिवा लुकलुकत असतो, आकडा मात्र जागचा हलत नाही. यंदा पंपाच्या मीटरचं असंच झालं आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तपासणी सोपी आहे. युनिटला ३२०० पल्स म्हणजे ०.१ युनिटला ३२०. त्या मीटरवर फक्त १५०० वॅटचा गिझर ठेवा, बाकी सगळं बंद. दिवा मिनिटाला ऐंशीच्या आसपास लुकलुकतो, म्हणजे चारेक मिनिटांत ३२० भरतात आणि शेवटचं लाल चाक एक घर पुढे जायला हवं. व्होल्टेज कमी असेल तर वेळ जास्त लागेल, पल्सची संख्या तीच राहते. म्हणून घड्याळ न बघता पल्स मोजा. लाल चाक दशांशाचं असतं, ते युनिटांत धरलं की बिल दहापट होतं.

दुसरा दगा न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा. बऱ्याच नव्या मीटरमध्ये चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजतात आणि जो जास्त त्याचं युनिट लावतात. जुन्या चाळीत वायरमनने सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकत्र गुंडाळलेले असतात. मग शेजारच्या खोलीचा करंट तुमच्या मीटरच्या न्यूट्रलमधून परततो, ‘अर्थ’चा दिवा लागून राहतो आणि सबमीटरची बेरीज मेनपेक्षा जास्त येते. मीटर सदोष नसतो. प्रत्येक खोलीचा न्यूट्रल मीटरच्या पुढे वेगळा केला की प्रश्न मिटतो.

बसवताना चिऱ्याच्या भिंतीवर थेट ठोकू नका, पावसात भिंत ओल धरते. लाकडी बोर्ड वाळवी खाते. हायलमची (वीज न वाहणारी, कडक) शीट, मागे बोटभर फट, केबल खालून आत, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत मीटरमध्ये शिरणार नाही. टर्मिनलचे स्क्रू पितळी हवेत, चार एमएम तांब्याच्या वायरीच्या टोकाला पिन लग (दाबून बसवायची धातूची पिन) हवा. मे महिन्यात मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे. टर्मिनलचं झाकण तपकिरी दिसलं तर तिथे सैल जोड तापतोय.

हिशोब असा, आकडे सोपे धरून. मेन ४२० युनिट, पाच खोल्या मिळून ३९८, पंप १७, उरले ५. हे पाच युनिट गळती नव्हे. प्रत्येक मीटर स्वतः वॅटभर खातो, सहा मीटरचे महिन्याला चारेक युनिट होतात, बाकी किरकोळ फरक. एकूण बिल ४३३० रुपये, त्यात स्थिर आकार १३०. उरलेले ४२०० भागिले ४२० म्हणजे १० रुपये युनिट. वहन आकार, इंधन समायोजन, १६ टक्के वीज शुल्क सगळं यातच येतं. ९६ युनिटवाल्याचे ९६० + स्थिर आकाराचा पाचवा हिस्सा २६ + पंप आणि उरलेल्या २२ युनिटांचा हिस्सा ४४ = १०३० रुपये. एखादा मीटर अडकला असेल तर मेनमधून बाकीच्यांची बेरीज आणि हे पाच वजा करा, त्याचे युनिट मिळतात. मेनचं बिल रीडिंग न घेता सरासरीचं आलं असेल तर मात्र त्या महिन्याचा हिशोब पुढच्या रीडिंगपर्यंत कच्चा ठेवा.

वर दोन रुपये चढवू नका. घरमालकाला वीज विकायचा परवाना नाही, आणि थकबाकीसाठी लाईट तोडायला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आड येऊ शकतं. तसाही या पद्धतीत कमी वापरणारा भरडला जातोच: ५८ युनिटवाला स्वतंत्र कनेक्शनवर १०० च्या आतल्या स्लॅबमध्ये राहिला असता, इथे सगळ्यांचे मिळून ३०० च्या वर गेल्याने तोही महाग दराचा वाटा भरतो. वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूला महावितरणचा वेगळा मीटरच घेऊन द्यावा.

गणपतीआधी पंपाचा मीटर बदलायचा आहे. यावेळी दुकानातच टेस्ट बोर्डवर लावून घेणार, सप्लाय काढायला सांगणार आणि बटण दाबून आकडा दिसला तरच पैसे देणार.