गुडघ्याखाली पाय नाही: थ्रो बसून करावा की उभं राहून?

गुडघ्याखालून पाय गेलेल्या किंवा पोलिओने एक पाय अधू राहिलेल्या खेळाडूला पॅरा थ्रोमध्ये दोन वाटा असतात. एक म्हणजे उभं राहून फेकणं. कृत्रिम पाय लावून फेकलं तर वर्ग एफ-६४, तशीच कमतरता पण कृत्रिम पाय नाही तर एफ-४४. दुसरी वाट फ्रेमवर, म्हणजे जमिनीला बांधलेल्या धातूच्या बैठकीवर, बसून फेकण्याची. तो वर्ग एफ-५७. या दोन्ही वाटांनी पदकं आली आहेत. भारताच्या सुमित अंतिलचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो उभं राहून भाला फेकतो आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने ७०.५९ मीटरवर सुवर्ण घेतलं. होकाटो सेमाचाही पाय गुडघ्याखालून गेलेला. त्याने त्याच स्पर्धेत एफ-५७ गोळाफेकीत बसून १४.६५ मीटर फेक करून कांस्य मिळवलं. म्हणजे पाय किती गेला यावरून वाट ठरत नाही. उरलेल्या शरीरात जोर कुठे आहे, यावरून ठरते.

आधी कार्यक्रमपत्रिका बघा, कारण बरीच मुलं इथेच फसतात. पॅरिसमध्ये पुरुषांच्या एफ-५७ ला गोळा आणि भाला होता, थाळी नव्हती. एफ-६४ ला भाला आणि थाळी होती, गोळा नव्हता. महिलांना या दोन्ही वर्गांत गोळा आणि थाळी होती, भाला दोन्हींत नव्हता. तुमचा हात गोळ्यालाच बसला असेल आणि तुम्ही पुरुष असाल, तर उभं राहून कितीही छान फेकलं तरी पॅरालिम्पिकमध्ये त्या फेकीला जागा सापडेलच असं नाही. पुढच्या स्पर्धेची यादी बदलू शकते, म्हणून ती हातात घेऊनच ठरवा. साहित्याचं वजनही वेगळं असतं. पुरुषांचा भाला एफ-६४ ला ८०० ग्रॅमचा, एफ-५७ ला ६०० ग्रॅमचा.

आता बसून फेकण्याबद्दल. इथे अर्धा खेळ फ्रेमचा आहे. सीटची उंची गादीसकट ७५ सेंटीमीटरच्या वर चालत नाही. त्यामुळे वेल्डरला ७५ चा आकडा देऊन मोकळं होऊ नका, गादीची जाडी वजा करून माप द्या. सीटची प्रत्येक बाजू किमान ३० सेंटीमीटर हवी. सीट सपाट असावी किंवा मागे उतरती, पुढे झुकलेली चालणार नाही. मोकळ्या हाताने धरायचा उभा दांडा सरळ आणि एकाच तुकड्याचा लागतो, आणि जोर दिल्यावर तो लवता कामा नये. नागपुरात हिंगणा एमआयडीसीकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांना हे काम अवघड नाही, पण स्वस्तात म्हणून पातळ पाइप टाकला की दांडा वाकतो आणि तपासणीतच अडकतो. जाड चौकोनी एमएस पाइप घ्या आणि सांध्यांना पूर्ण वेल्ड मारून घ्या. टाके मारून भागवलेला सांधा दोन महिन्यांत तडकतो.

नागपुरात फ्रेम बांधायची खरी अडचण काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ठोकलेला खुंटा हलायला लागतो, पावसाळ्यात तोच खुंटा लोण्यातून निघावा तसा वर येतो. एक बाजू सुटली की फ्रेम फिरते, आणि तुम्ही दुरुस्त करत बसता तंत्र, दोष मात्र खुंट्याचा असतो. सरावाच्या जागी काँक्रीटचा चौथरा करून त्यात चार कड्या गाडून घ्या आणि रॅचेट पट्ट्यांनी फ्रेम चारही बाजूंनी खेचा. फ्रेमचा कुठलाही भाग, पायठेवणीसुद्धा, वर्तुळाच्या कडेबाहेर जाता कामा नये.

बसून फेकणाऱ्यांचे सगळ्यात जास्त फाउल उठण्याचे असतात. गुडघ्यामागच्या खळगीपासून बुडापर्यंतचा भाग फेक पूर्ण होईपर्यंत सीटला टेकलेला हवा. एफ-५७ मध्ये हे विशेष जड जातं, कारण कमरेत आणि मांडीत ताकद असते आणि जोर लावताना शरीर आपोआप वर येतं. पट्टा ताणणारा असून चालत नाही. एक पट्टा जांघेजवळ घ्या, दुसरा गुडघ्याच्या थोडा वर, आणि प्रत्येक फेकीनंतर हात लावून पाहा. तिसऱ्या-चौथ्या फेकीला पट्टा बोटभर सैल झालेला असतो. मोबाइल सीटच्या उंचीवर बाजूला ठेवून चित्रण करा. समोरून पाहणाऱ्याला मांडी उचलल्याचं दिसत नाही, बाजूने लगेच दिसतं.

स्पर्धेत बसून फेकणारा आपल्या फेकी सलग करतो. शरीर गार पडत नाही ही सोय, पण पहिली फेक बिघडली तर डोकं शांत करायला वेळ नसतो. सरावही तसाच करा: सलग सहा, प्रत्येक एका मिनिटाच्या आत. शिवाय फ्रेम सहज २५-३० किलोची होते. ती रेल्वेने न्यायला, लावायला, कसायला बरोबर एक माणूस लागतो. घरातून असं कोणी येणार आहे का, हे ठरवताना मोजायलाच हवं.

उभं राहून फेकणाऱ्याला फ्रेम नाही, माणूस नाही. त्याची सगळी भिस्त सॉकेटवर, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या कपात उरलेला पाय (स्टम्प) बसतो त्यावर. उजव्या हाताने भाला फेकणाऱ्याचा डावा पाय शेवटी रोवला जातो आणि धावेचा सगळा वेग त्यावर थांबतो. कृत्रिम पाय डावा असेल तर तो ताठ राहतो, हे एका अर्थी कामाचंच आहे, पण सगळा धक्का सॉकेटमधून स्टम्पवर येतो. कृत्रिम पाय उजवा असेल तर अडचण उलटी: रेटा द्यायला घोटाच नाही, त्यामुळे मागून येणारा जोर अर्ध्यावर तुटतो. उजव्या हाताच्या भालाफेकीला डावीकडचा कृत्रिम पाय आम्हाला बरा वाटतो. थाळीत पूर्ण गिरकी घेताना सॉकेट आत पिळला जातो आणि कातडी सोलते. सुरुवातीचे काही महिने जागेवरूनच फेका.

आणि आपल्याकडचं ऊन. एप्रिल-मेमध्ये लायनरच्या, म्हणजे स्टम्पवर चढवायच्या मऊ आवरणाच्या, आत घाम साचतो, स्टम्प घसरतो, आणि रोवलेला पाय आतल्या आत फिरतो. दर तीन-चार फेकींनंतर लायनर काढून कोरडा करा. दिवसभरात स्टम्पचा आकार कमी होतो, म्हणून स्टम्पवर घालायचे जादा मोजे आणि कृत्रिम पायाचे स्क्रू कसायची ॲलन की पिशवीत ठेवा. उभं राहून फेकणाऱ्यांच्या फेकी आळीपाळीने होतात. दोन फेकींच्या मधल्या वेळात सावलीत बसा, पण उठल्यावर दोन-चार पावलं धावून मगच धावपट्टीवर या. रोजच्या वापराचा पाय भालाफेकीच्या धावेला लावू नका. तो चालण्यासाठी बनवलेला असतो. धावेसाठी किमान ३० मीटरची धावपट्टी लागते, त्यामुळे गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवर भागत नाही. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखं मैदान लागतं. बसून फेकायला चौथरा आणि पुढे सुरक्षित मोकळी जागा पुरते.

आमचं मत स्पष्ट आहे. स्टम्प लांब, भरलेला आणि जखमांपासून मुक्त असेल, धावायची हौस असेल आणि चांगला सॉकेट मिळणार असेल, तर उभं राहूनच फेका. स्टम्प आखूड असेल, कातडी वारंवार फुटत असेल किंवा वय तिशीपुढे असून खांदे-छाती दणकट असतील, तर एफ-५७. पोलिओवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: दुसरा पाय किंवा कंबरही कमजोर असेल तर एफ-५६ किंवा एफ-५५ मिळू शकतो, आणि तिथे बसून फेकणं हीच वाट असते. गुडघ्यावरून पाय गेला असेल तर उभं राहून फेकायचा वर्ग एफ-६३. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

नक्की होत नसेल तर वर्गीकरणाआधी सहा-आठ आठवडे दोन्ही करून पाहा. एकदा वर्ग मिळाला की मनाला येईल तेव्हा बाजू बदलता येत नाही. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातून मिळालेल्या दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी तिथे वर्ग ठरवत नाही. वर्गीकरण करणारे स्वतः स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल आणि स्टम्पची लांबी तपासतात, फेकायला लावतात आणि स्पर्धेतही पाहतात. जाताना निदानाची कागदपत्रं, एक्स-रे आणि स्पर्धेत वापरणार असलेलं सगळं साहित्य न्या: कृत्रिम पाय असेल तर तोच, फ्रेम असेल तर पट्ट्यांसकट तीच.