चरबी सांगणारा वजनकाटा: पाच महिन्यांचा अनुभव

मी परभणीत ब्लाउज शिवते, २२ वर्षं झाली. दिवाळीत लेकीनं मोबाइलला जोडायचा, चरबी सांगणारा काचेचा वजनकाटा १,४०० रुपयांना मागवला.

वजन तो चोख सांगतो. तांदळाची १० किलोची सीलबंद पिशवी घेऊन उभी राहिले, बरोबर १० किलो वाढले. शहाबादी फरशीवर मात्र डुगडुगतो नि दर वेळी वेगळा आकडा देतो, सपाट टाइलवरच ठेवा.

चरबीच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. सकाळी ३४ टक्के, त्याच संध्याकाळी ३१. लेक नर्सिंग शिकते, ती म्हणाली, "आई, तो तळपायातून बारीक करंट सोडतो. पाण्यातून करंट जातो, चरबीत अडतो, त्यावरून अंदाज बांधतो. तू पाणी प्यालीस की आकडा हलणारच." छातीत पेसमेकर असेल त्यांनी तर चरबी मोजायच्या फंदात पडूच नये.

माझी खरी तक्रार पुढंच आहे. आमच्या ह्यांची उंची साडेपाच फूट, वजन ६१. ॲपवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २१.७, हिरवा रंग. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं. पॅन्ट ३४ ची, तीही पोटाच्या खाली बांधतात. पॅन्टची कंबर वेगळी नि पोटाचा घेर वेगळा, हे मला धंद्यामुळं माहीत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरला, श्वास सोडायला लावला: ३७ इंच. आपल्याकडं पुरुषाला ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बाईला ८० म्हणजे साडेएकतीस, ही हद्द धरतात. ह्यांचं पोट त्यापुढं, म्हणून लगेच रक्त तपासलं. उपाशीपोटी शुगर १३८, म्हणजे मधुमेहच.

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ साली छापून आलेला फोटो लेकीनं दाखवला. शेजारी त्यांचे इंग्लंडचे डॉक्टर मित्र. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी मित्राची ९ टक्के नि याज्ञिकांची २१. ते बघून हे बराच वेळ बोललेच नाहीत. सुटलेलं पोट म्हणजे खात्यापित्या घरचा माणूस, असं सासरी-माहेरी ऐकतच आम्ही म्हातारपणाकडं चाललोय. मी तरी काय, ब्लाउजला दीड इंच मार्जिन सोडते, बाई पुढं वाढणारच असं धरून.

आणखी एक. ॲपमध्ये बीएमआय २५ पर्यंत सगळं हिरवं आहे. आपल्या लोकांत २३ पासूनच वजन जास्त धरतात. माझ्या जाऊबाई २४ वर हिरव्या दिसल्या आणि निश्चिंत घरी गेल्या. मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्यांच्याकडं गेले.

पाचापैकी तीन तारे, ते वजनासाठी. घेतलात तर सोबत वीस रुपयांचा शिंप्याचा टेपही घ्या, नि महिन्यातून एकदा पोटाचा घेर वहीत लिहा.

गोळी डॉक्टरांनी दिलीच आहे. हे पहाटे कृषी विद्यापीठात चालायला जातात, रात्री भाताऐवजी ज्वारीची एक भाकरी, मेथी नि घट्ट वरण. काट्यावर पाच महिन्यांत दोनच किलो उतरले म्हणून खट्टू झाले होते. टेपवर पावणेछत्तीस आलंय. परवा त्यांच्या दोन पॅन्ट कमरेत आत घेऊन दिल्या.