हिलस्ट्रीम लोचच्या नावाखाली भलताच मासा

ठाणे-नवी मुंबई परिसरात घरच्या टाकीसाठी हिलस्ट्रीम लोच, म्हणजे वाहत्या ओढ्यांतला चपटा मासा, विकत घेऊ पाहणाऱ्यांनी हा अनुभव वाचावा. समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याने मला व्हिएतनाममधील वेगवान ओढ्यांत राहणाऱ्या सेवेलिया लिनिओलाटा या हिलस्ट्रीम लोचच्या जातीचा सुरेख व्हिडिओ पाठवला, नगाला आठशे रुपये भाव सांगून सगळी रक्कम यूपीआयने आधीच घेतली आणि अंधार पडल्यावर ऐरोली स्थानकाबाहेर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी हातात ठेवली. उजेडाने मासे बिथरतात, असे कारण त्याने दिले. कारण खरे आहे, आणि म्हणूनच सोयीचेही.

टाकीत निघाले ते 'चायनीज अल्गी ईटर' या अत्यंत स्वस्त माशाचे लांबट, गोलसर अंगाचे नमुने. जाब विचारला तेव्हा उत्तर आले, "अहो, पिल्लं आहेत, नक्षी मागाहून येते." हे धादांत खोटे आहे. विक्रीच्या आकाराचा सेवेलिया वरून पाहिल्यास चपटाच दिसतो. त्याचे पोटाकडचे रुंद पर पसरून तबकडीसारखा आधार तयार होतो आणि त्या आधारावर तो प्रवाहातल्या दगडाला धरून राहतो. मला दिलेला मासा मात्र ओठांनी चिकटतो, तोंड अडकलेले असतानाही पाणी आत घेता यावे म्हणून त्याच्या कल्ल्याला वरच्या बाजूस वेगळे छिद्र असते, आणि पुढे पाव मीटरहून अधिक वाढलेला हा मासा इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडू लागतो.

खरी खूण पैसे देण्याआधीच मिळाली होती. "चिलर नको, मे महिन्यातही ठणठणीत राहतात," असे तो छातीठोकपणे सांगत होता; चिलर म्हणजे टाकीतले पाणी थंड ठेवणारे यंत्र. हिलस्ट्रीम लोचला साधारण २० ते २४ अंश तापमानाचे, प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. विक्रेत्याची हमी खरी होती, फक्त ती दुसऱ्या माशाची होती.

संभाषण आणि पैसे दिल्याची नोंद जपून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. विक्रेत्याने मला ब्लॉक केले असून तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसतो. त्यात मासा केवळ वरून दाखवलेला आहे. काचेला चिकटलेल्या माशाचे पोट आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी दिसेल असे चित्रण मागावे, आणि पैसे मासा उजेडात पाहूनच द्यावेत.